समरकंद, जिल्हा कुलाबा

धर्मराज घरतने पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही. गुडघे विचारले.

नवीन पनवेलात स्टेशनपासून पाच मिनिटांवर ‘पैलतीर टूर्स’ नावाचं एक ऑफिस होतं. आशिया खंडातली जुनी शहरं, देवळं, मशिदी, राजवाडे आणि कबरी पाहायला ते माणसं घेऊन जात. सहलीच्या कंपनीला ‘पैलतीर’ हे नाव द्यायची कल्पना मालक विनायकराव देवधरांची. पंचाहत्तरीपुढची गिऱ्हाइकं पाटी वाचून शेजारच्या मेडिकलमध्ये शिरायची आणि उगाच एखादी गोळी घेऊन घरी जायची. माझं वय तेव्हा शेहेचाळीस होतं, त्यामुळे मी आणि माझी बायको माधुरी धीर करून आत गेलो.

दार ढकललं मात्र, आतून चेंगीझखानाचं घोडदळ चालून आलं. माणूस एकच होता, पण धूळ तेवढीच उडाली. आधी मिशा आल्या. त्या स्थिरस्थावर झाल्यावर मागून माणूस आला. आवाज असा, की भिंतीवरच्या नकाशात जपान जरासं पलीकडे सरकलं.

“कंबोडिया का?” तो गरजला.

मी हो म्हणालो, म्हणजे माझ्या तोंडातून थोडी हवा बाहेर पडली.

“प्यांट वर करा.”

मी माधुरीकडे पाहिलं. ती व्हिएतनामच्या पोस्टरमध्ये रंगून गेली होती. त्या माणसाने खाली बसून माझ्या दोन्ही गुडघ्यांवर नारळ पारखावा तशी टिचकी मारली, कान लावला आणि मान हलवली. “डावा जाईल वर. उजवा खालीच बसंल.” मग त्याने मला एका स्टुलावर वीस वेळा चढवलं आणि उतरवलं. अठराव्या वेळी मला माझे दिवंगत काका दिसले.

“अंगकोरला वरच्या मजल्याच्या पायऱ्या शिडीसारख्या हायत,” तो म्हणाला. “तुमी वर जाल वो, पन खाली कोन आननार? विनायकराव? त्यांचं वझं त्यांना पेलत नाय.”

“ऐकतोय मी, घरत,” आतल्या केबिनमधून विनायकराव म्हणाले.

खरं म्हणजे धर्मराजची उंची पाच फूट दोन इंच आहे आणि वजन भिजलेल्या छत्रीइतकं. पण त्या दिवशी हे माझ्या लक्षात आलं नाही, याला माधुरी साक्षीला आहे. फक्त ती पोस्टरकडे पाहत होती.

धर्मराज मूळचा गव्हाणचा, राहायला कामोठ्याला. एक्क्याण्णव साली तो पैलतीरमध्ये शिपाई म्हणून लागला. चहा आणायचा, माहितीपत्रकं घड्या घालून पाकिटात भरायचा. घड्या घालण्याआधी ती वाचायची वाईट सवय त्याला लागली. पुढे वाचनालयातली इतिहासाची कपाटं रिकामी झाली. एकदा सहलीची माहितीपुस्तिका लिहिणारे गृहस्थ काविळीने आडवे झाले, आणि विनायकरावांनी वैतागून चीनची पुस्तिका शिपायाला लिहायला सांगितली. तेव्हापासून पैलतीरची प्रत्येक पुस्तिका धर्मराजने लिहिली.

बोलताना आगरी असणारा हा माणूस लिहिताना एकदम दरबारी व्हायचा. आमच्या कंबोडियाच्या पुस्तिकेत छापलं होतं: ‘सकाळी ११.१० ते ११.२२ : विस्मय. प्रवाशांनी या बारा मिनिटांत विस्मयचकित होऊन घ्यावे. ११.२२ नंतर स्वच्छतागृह बंद होते.’ माधुरीचा विस्मय अकरा अठरालाच संपला, तर उरलेली चार मिनिटं काय करावं हे तिला कळेना.

अंतरं सांगायची त्याची रीत वेगळी होती. किलोमीटर-मैल त्याला मान्य नव्हते. तो सगळा आशिया पनवेलच्या मापात मोजायचा. अंगकोरच्या खंदकाला एक फेरी म्हणजे वडाळे तळ्याला चार. पेकिंगचा राजवाडा या दारापासून त्या दारापर्यंत म्हणजे एस.टी. स्टँड ते मिरची गल्ली, मध्ये कुठेही चहा न पिता. आणि हे नुसतं सांगून तो थांबायचा नाही. निघण्याआधी चार रविवार तो प्रवाशांची तालीम घ्यायचा. पिवळ्या टोप्या घातलेली पंचवीस-तीस मध्यमवयीन माणसं सकाळी सात वाजता वडाळे तळ्याभोवती रांगेने चालताहेत आणि पुढे एक मिशाळ इसम बंद छत्री उंच धरून ओरडतोय, “उजवीकडं दक्षिण दरवाजा! हत्ती बगा, हत्ती!” हे दृश्य पनवेलकरांच्या अंगवळणी पडलं होतं. तिथे चहावाला असायचा. तोही सवयीने हाताची सोंड करून हलवून दाखवायचा.

या माणसाने स्वतः यातलं काहीच पाहिलं नव्हतं. त्याचा सगळ्यात लांबचा प्रवास गणपतीपुळ्याचा, तोही एका लग्नाच्या निमित्ताने.

त्याच्या ज्ञानाचा झरा म्हणजे परत आलेले प्रवासी. सहल संपली की तो एकेकाला ऑफिसात बोलावून जबानी घ्यायचा. पायऱ्या किती? सावली चार वाजता कुठल्या अंगाला? तिकिटाची खिडकी डावीकडे की उजवीकडे? माझी जबानी सव्वा तास चालली आणि मी जाऊन आलो होतो तरी घाम मला फुटला. “तुमी अंगकोरला गेलतात ना नक्की?” त्याने शेवटी संशयाने विचारलं. “कारन चौदा नंबरची गॅलरी तुमी बगितलेली दिसत नाय.” मी तेव्हा बाहेर शहाळं पीत होतो.

दर वर्षी विनायकराव म्हणायचे, “घरत, पुढच्या सीझनला तुम्ही मॅनेजर म्हणून जायचं. नक्की.” आणि दर वर्षी तो राहायचा. कारण साधं होतं. परदेशात आमच्यापैकी कुणी हरवलं की फोन पनवेलला यायचा, आणि फोनवर कोपऱ्यावरचं दुकान ऐकून माणूस नेमका कुठे उभा आहे हे सांगणारा धर्मराज एकटाच होता. हनोईच्या गल्लीत हरवलेल्या एका आजीला त्याने नवीन पनवेलच्या खुर्चीत बसून हॉटेलच्या दारापर्यंत आणून सोडलं होतं. इतका उपयोगी माणूस परदेशी पाठवणं कुठल्या मालकाला परवडेल?

मग गेल्या वर्षी विनायकरावांनी कंपनी बंद करायचं ठरवलं. माणसं आता मोबाईलवरच सगळं ठरवतात, त्यांचं स्वतःचं वय झालं होतं, आणि मुलगी नाशिकला बोलावत होती. एप्रिलमध्ये उझबेकिस्तानची शेवटची सहल काढायची आणि कुलूप लावायचं. विनायकरावांनी धर्मराजला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, “घरत, हिचे मॅनेजर तुम्ही. समरकंद. आता पुढचा सीझन नाही.”

धर्मराज बाहेर आला तेव्हा मी तिथे नाव नोंदवायला बसलो होतो. त्याने टेबलावरची पुस्तकं सारखी केली, मग पुन्हा विस्कटली.

“समरकंद,” तो मला म्हणाला. “भाऊ, मी चौतीस वर्सं दुसऱ्यांची घोडी सजवतोय. आता म्हनतात तू बस.”

इथे त्याच्या पासपोर्टाची गोष्ट सांगायला हवी. कारण सगळं त्यात अडकलं.

ऑफिसात फॉर्म भरायला किशोरी नावाची मुलगी होती. वय चोवीस, राहायला कामोठ्यालाच, कीबोर्डवर हात असा चालायचा की आंब्याच्या पेटीवर माश्या. तिने विचारलं, “घरतकाका, जन्म कुठला?”

आता कुणीही सरळ माणूस गव्हाण म्हणाला असता, पनवेल म्हणाला असता. पण धर्मराज इतिहासाचा माणूस. त्याचा जन्म सहासष्टचा. रायगड जिल्हा हे नाव आलं एक्क्याऐंशी साली. त्याआधी या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, अलिबागच्या समुद्रातल्या किल्ल्यावरून. तो छाती काढून म्हणाला, “कुलाबा!”

किशोरीने टाईप केलं आणि मोठ्याने वाचलं, “कोलाबा.”

“शाब्बास पोरी. आजकाल कोनाला ठावं नसतं.”

किशोरीला जगात एकच कुलाबा ठाऊक होता, मुंबईतला, जिथे ती मैत्रिणींबरोबर कानातले घ्यायला जायची. तिने पुढे मुंबई घातलं. पासपोर्ट कार्यालयातल्या पडद्यावर धर्मराजने स्वतःचं नाव तपासलं, बापाचं तपासलं, बायकोचं, म्हणजे कुमुदवहिनींचं, तपासलं आणि ‘कोलाबा’ वाचून समाधानाने मान हलवली. पुढे मुंबई दिसलं, ते त्याला कार्यालयाचं नाव वाटलं.

पासपोर्ट आला. धर्मराजचा जन्म आता मुंबईत, ताजमहाल हॉटेलच्या आसपास कुठेतरी झाला होता.

“काही बिघडत नाही काका,” किशोरी म्हणाली. ती रडवेली झाली होती. “व्हिसाच्या फॉर्ममध्ये पण तेच टाकू. मॅच होईल. कोण विचारतंय?”

“मी तिथं जल्मलो नाय.”

“हो, पण कोण—”

“चौतीस वर्सं मी पुस्तकात एक खोटी पायरी लिवली नाय. एक्कावन्न तर एक्कावन्न. आनि आता सोता खोट्या गावाचा होऊन समरकंदला जाऊ? माज्या आयशीनं गव्हानात, चुलीपाशी जल्म दिलाय मला. सुईन यायच्या आदी. ती काय कुलाब्याला गेलती, फिरायला?”

विनायकराव बाहेर आले. “घरत, हा तांत्रिक मुद्दा आहे.”

“साएब, सगला इतिहास तांत्रिक मुद्दाच हाय.”

विनायकराव केबिनमध्ये परत गेले. मला तेव्हा धर्मराजचा राग आला होता आणि अजूनही येतो.

पासपोर्ट दुरुस्त करायचा ठरला. तहसीलजवळ कागदपत्रं करून देणारा दीपेश नावाचा एजंट होता, त्याच्याकडे आम्ही दोघे गेलो. दीपेशने जन्माचा दाखला मागितला. तो नव्हता. बापाने नोंद केलीच नव्हती. होता तो शाळा सोडल्याचा दाखला. दीपेशने तो उजेडाकडे धरून वाचला: मौजे गव्हाण, तालुका पनवेल, जिल्हा कुलाबा.

“काका,” दीपेश म्हणाला, “पासपोर्टावर कुलाबा आहे, तुम्हाला काढायचाय. आणि पुरावा आणलाय कुलाब्याचाच.”

“तो कुलाबा नाय, यो कुलाबा!”

“मला कळतंय हो. कागदाला कळायला पाहिजे.”

“एक्क्याऐंशी साली नाव बदललं. जानेवारीत.”

“मग ते राजपत्र आणा. एक प्रतिज्ञापत्र लागेल. त्याच वर्गातल्या दोन माणसांच्या सह्या लागतील. तीन-चार महिने धरा.”

सहल सहा आठवड्यांवर आली होती. बाहेर येऊन धर्मराज दीपेशच्या पायरीवर बसला. मी म्हणालो, “धर्मराज, माझं ऐका. एक वेळ खोटं बोला. समरकंद बघून या, मग हवं तर प्रायश्चित्त घ्या.”

समोर उसाच्या चरकाचं घुंगरू वाजत होतं.

“भाऊ, मी बाकी काय नाय ओ,” तो म्हणाला. “ना शिकलेला, ना फिरलेला. माजं लिवलेलं बरोबर असतं, एवडंच हाय माज्याजवल. तेवडं पन देऊन टाकू?”

कामोठ्याला त्याच्या घरी गेलो तर कुमुदवहिनी सुकटाची चटणी भाजत होत्या, सहलीला न्यायला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कढई उतरवली.

“लग्नात बी ह्यांनी असंच केलं,” त्या मला म्हणाल्या. “भटजीनं गोत्राचं कायतरी चुकीचं म्हनलं, तर ह्ये उटून उबे. मुहूर्त टलला. बत्तीस वर्सं झाली, मी अजून मुहूर्त नसलेल्या लग्नात नांदतंय.” मग नवऱ्याकडे वळल्या, हसल्या नाहीत. “जा म्हनते मी. खोटं बोला न् जा. तुमी जातंव बोलत नाय तवर ही चटनी मी डब्यात भरत नाय.”

ती चटणी शेवटी आम्ही नेली.

एप्रिलमध्ये आम्ही सव्वीस जण गेलो, मॅनेजर म्हणून विनायकराव. तालमी धर्मराजनेच घेतल्या होत्या, छत्री धरून, त्याच आवाजात. तालमीत फक्त एकदा तो अडखळला. आमच्यातल्या एका काकूंनी विचारलं, “अहो, रेगिस्तान म्हणजे वाळवंट ना? उंट मिळतील का?” त्याने नेहमीसारखं ओरडून सांगायला हवं होतं की रेगिस्तान हे समरकंदच्या चौकाचं नाव आहे, तीन बाजूंना तीन मदरसे आहेत. तो म्हणाला, “मिलतील. विचारा तिथं.” आणि छत्री खाली केली.

समरकंदला दुसऱ्या दिवशी विनायकरावांचं पोट बिघडलं, ते खोलीत झोपले. स्थानिक गाईड आम्हाला रेगिस्तानात सोडून त्याच्या कुणाला तरी आणायला गेला. आम्ही सव्वीसजण पिवळ्या टोप्या घालून चौकात उभे, समोर आभाळाएवढ्या निळ्या कमानी, आणि पुढे जायचं कुठे हे कुणालाच माहीत नाही. आमच्यात मुश्ताकभाई होते, पनवेलचे, वखारवाले, बारा वर्षं आखातात काढलेले. त्यांनी फोन लावला आणि आवाज मोठा केला. आमच्याकडे सव्वाअकरा, पनवेलला पावणेबारा.

“घरत! आम्ही चौकात उभे आहोत. आता?”

“ऊन तुमच्या पाटीवर हाय ना?” पलीकडून धर्मराजचा आवाज आला. “मग समोर तिल्लाकारी. उजव्या हाताला शेरदार. वर बगा, वाग हरनाच्या मागं लागलाय, आनि वागाच्या पाटीवर सूर्व्या हाय, मानसाच्या तोंडाचा.”

सव्वीस माना वर गेल्या. वाघ होता. सूर्य होता.

“माशाल्ला,” मुश्ताकभाई म्हणाले. “अरे, तू इथं नाहीस पण आम्हाला हाकतोयस!”

“तैमूरच्या कबरीला निगा आता. एस.टी. स्टँडवरून मिरची गल्लीला जातो तेवडंच. मधी चहा नाय.”

लोक हसले. मुश्ताकभाईंना भरून आलं असावं. ते म्हणाले, “थांब घरत, व्हिडिओ लावतो. तूच बघ की एकदा.”

“नको.”

“अरे बघ तर! समोर आहे सगळं.”

“मुश्ताकभाई, फोन खाली करा,” धर्मराज म्हणाला. आवाज अगदी लहान होता. “तेवड्याशा काचेत नका दाखवू. ते मी जाईन तवासाटी ठेवलंय.”

मुश्ताकभाईंनी फोन खाली केला. समोरचा घुमट लख्ख उन्हात निळा होता. आम्ही तिथे होतो आणि आम्हाला पाहवेना. मग काकूंना स्वच्छतागृह सापडलं आणि सगळे तिकडे वळले.

परत आल्यावर जबानीसाठी ऑफिसात गेलो. शेवटच्या सहलीची जबानी म्हणून दहा-बारा जण एकदमच आले होते. मुश्ताकभाई त्याच्यासाठी तिथली गोल रोटी घेऊन आले होते, मधोमध नक्षी उमटवलेली. अर्धी खोकी बांधून झाली होती. भिंतीवरून नकाशा उतरवला होता. धर्मराज स्टुलावर बसला, पण या वेळी त्याने वही उघडली नाही.

“पायऱ्या-बियऱ्या ऱ्हाव द्या,” तो म्हणाला. “मला एकच सांगा. तिथं वास कसला येतो?”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

“वास म्हणजे?” माधुरीने विचारलं.

“वैनी, पुस्तकात सगलं असतं. रंग असतो, मापं असतात. वास नसतो कुनी लिवलेला. मी म्हनलं, जाईन तवा सोता घेईन. आता तुमी सांगा. मदरशाच्या आत शिरल्यावर, भिंतीपाशी, कसला वास येतो? मातीचा, चुन्याचा, लाकडाचा, कसला?”

मी आठवायला गेलो. मला वाघ आठवला, सूर्य आठवला, पण ते त्याने सांगितले म्हणून. त्याशिवाय मला आठवला तो एक बाक, जिथे मी बूट काढून बसलो होतो.

“फिनेलचा असेल,” शेवटी काकू म्हणाल्या. “स्वच्छ होतं फार.”

मी त्याच्या तोंडाकडे पाहत होतो. मला वाटलं तो ओरडेल, चौदा नंबरच्या गॅलरीसारखं काहीतरी बोलेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“सव्वीस मानसं,” तो म्हणाला. “सव्वीस मानसं जाऊन आली, आनि मी लिवलं तेवडंच बगून आली.”

“अहो, छान झाली सहल,” माधुरी म्हणाली. “तुमच्यामुळे झाली.”

“व्हय, झाली ना.” त्याने रोटी हातात घेऊन उलटी-पालटी केली. “मग मी जाऊन तरी काय निरालं करनार होतो? मी बी तेच बगितलं असतं, मी लिवलेलं.”

“तसं नाही हो धर्मराज,” मी म्हणालो.

त्याने रोटीचा वास घेतला. मग ती खोक्यावर ठेवली आणि दोरीचं बंडल शोधू लागला.

मे अखेरीला पैलतीर टूर्सला कुलूप लागलं. विनायकराव नाशिकला गेले. किशोरीला वाशीला नोकरी मिळाली, आणि तिने मनाला लावून घेतलं होतं म्हणून तिनेच दीपेशच्या मागे लागून ते एक्क्याऐंशीचं राजपत्र मिळवलं. प्रतिज्ञापत्र झालं. गव्हाणच्या शाळेतली धर्मराजच्या वर्गातली दोन माणसं सापडली, त्यांनी सह्या दिल्या. मी स्वतः पुढच्या एप्रिलसाठी ठाण्याच्या एका कंपनीत दोन जागांची चौकशी करून ठेवली, एक माझी, एक त्याची. ऑगस्टमध्ये फाईल पूर्ण झाली आणि पासपोर्ट कार्यालयाची तारीख मिळाली, नऊ सप्टेंबर, सकाळी सव्वादहा. धर्मराज गेला नाही.